सातव्या टेबलावरच्या बरण्या

नमुने ओळखायच्या परीक्षेची, स्पॉटिंगची, शेवटची घंटा झाली, मुलं पांगली, पण मेहजबीन सातव्या टेबलापाशी पाय रोवून उभी राहिली. समोर झाडबेडकांच्या दोन बरण्या. परीक्षेपुरता चिकटवलेला कागद प्रयोगशाळेच्या नागोरावांनी काढला आणि जुन्या चिठ्ठ्या दिसल्या : मोठा बेडूक ‘नर’, लहान ‘मादी’. वर्षभर सगळ्यांनी जर्नलात हेच उतरवलं होतं. पेपरात तिने मुद्दाम उलटं लिहिलं होतं.

विभागप्रमुख उपासनी सर तोच पेपर घेऊन आले.

“पहिल्या नंबरावर आहात. एवढ्यासाठी घालवू नका. खोडा आणि नीट लिहा.”

“सर, मोठी आहे ती मादीच आहे.”

“चिठ्ठ्या माझ्या गुरूंच्या हातच्या आहेत. तीस वर्षं मुलं शिकून गेली. कुणाला दिसलं नाही ते आपल्याला दिसलं?”

“बरणी कुणी उघडली नसेल, सर.”

नागोरावांचं फडकं थांबलं. त्या चिठ्ठ्यांना पाण्याचा थेंबही लागू द्यायचा नाही, असा त्यांना हुकूम होता.

नंबर गेला तर अब्बूंना काय सांगायचं, हे मेहजबीनला सुचत नव्हतं. पण कात्रजच्या घरी न्हाणीघराच्या भिंतीवर चार पावसाळे तिने हेच बेडूक पाहिले होते. गळा फुगवून ओरडायचा तो नर दरवेळी लहानच असायचा. तिने पेनाला टोपण लावलं.

“उघडा हो, नागोराव,” सर वैतागून म्हणाले. “होऊन जाऊ दे यांचं समाधान.”

झाकणं जाम बसली होती. नागोरावांनी जोर लावला तेव्हा कुठे निघाली. मेहजबीनने हातमोजे घालून बेडूक ताटलीत ठेवले. लहानाच्या अंगठ्याच्या मुळाशी खरखरीत गादी होती, मादीला घट्ट धरायला नराला असते ती. तोंडात जिभेच्या बाजूंना आवाजाच्या पिशवीच्या दोन फटी. मोठीचा अंगठा गुळगुळीत होता, आणि फटी नव्हत्याच.

सर भिंगातून बराच वेळ बघत राहिले. मग तिचा पेपर त्यांनी होता तसा गठ्ठ्यात ठेवला.

नागोरावांनी चिमट्याने मोठी उचलली आणि ‘मादी’च्या बरणीत सोडली, लहान ‘नर’च्या. चिठ्ठ्यांना हात लागला नाही.

“नागोराव,” सर दारातून म्हणाले, “झाकणं फार घट्ट लावू नका.”