पहिल्या घासाचा मान

उष्टावणात पहिला घास भरवायचा मान मामाचा. म्हणून भाचा सहा महिन्यांचा झाल्यावर चांदीची वाटी आणि चमचा घेऊन मी पहाटेच्या एसटीने कराडहून पुण्याला आलो. दारातच बहिणीने मला साबणाने दोनदा हात धुवायला लावले.

खिरीत साखर नव्हती. वर्षभर साखर नाही, मीठ नाही, आणि आजपर्यंत आईच्या दुधाशिवाय पाण्याचा थेंबसुद्धा नाही, असा तिचा तक्ता फ्रिजवर चिकटवलेला होता.

अकरा वाजून बारा मिनिटांच्या मुहूर्तावर मी चमचा पुढे केला. बहिणीच्या मांडीवरच्या भाच्याने जिभेने खीर बाहेर ढकलली. पुन्हा भरवली, पुन्हा ढकलली. तिसरा घास माझ्या नव्या झब्ब्यावर आला.

"आयुष्यात पहिल्यांदा अन्न बघतोय ना," बहीण फोटोग्राफरला कौतुकाने म्हणाली. "गिळायचं कसं, हेच त्याला माहीत नाही."

तेवढ्यात तिचे सासरे चहाची बशी घेऊन शेजारी टेकले. त्यांनी सवयीने चहात बिस्किट बुडवलं. भाच्याने त्यांच्याकडे झेप घेतली आणि चिमणीच्या पिल्लासारखा आ वासला. सासऱ्यांच्या हातातलं बिस्किट विरघळून बशीत पडलं.

बहिणीचा चेहरा लालबुंद झाला. पण तिच्याआधी कडाडल्या त्या सासूबाई.

"लाज कशी वाटत नाही हो तुम्हाला? तरीच म्हटलं, हल्ली माझा वरणभात हा अर्धाच का खातो!"