मूठभर कोंडा

"हे लेकरू कोणाचं?"

"गोजरबाईचं."

कारकुनाने टाक खाली ठेवला. सकाळपासून हे पाचवं लेकरू, आणि पाचही गोजरबाईचीच! साठी उलटलेली, तोंडाचं बोळकं झालेली ती अमडापूरची सुईण समोर भिंतीला टेकून बसली होती आणि मान डोलवत होती. वर्षात पाच पोरं होणं म्हणजे जसं काही विशेषच नाही.

तो बुलढाण्याहून आला होता, बालहित समितीकडून. सत्यभामाबाईंच्या माता मंडळाला समितीने वर्षभर थोडी मदत दिली होती: सुईणीला शिकवणी, आणि साबण, कात्री, औषधं भरलेली एक पेटी. अकरा लेकरं जगली, असं मंडळाने कळवलं होतं. ते खरं की खोटं पाहून यायचं होतं. आईने स्वतःच्या तोंडाने लेकरू आपलं म्हणून सांगितलं तरच ते मोजायचं, नाहीतर पेटी परत आणायची, असा हुकूम होता. सोपं काम! दिवस मावळायच्या आत घरी येतो, असं तो बायकोला सांगून निघाला होता.

"अहो, तुम्ही तरी सांगा," तो सत्यभामाबाईंना म्हणाला. "अकरा आया आहेत कुठे?"

"ह्या काय, तुमच्या समोर बसल्या." सत्यभामाबाईंनी ओसरीभर हात फिरवला. "पण बोलायच्या नाहीत. मी का कमी समजावलं?"

सहावी होती कोकिळा. तिच्या मांडीवरचं पोर चांगलं गुटगुटीत, डोळे टकामका. कारकून उठून जवळ गेला.

"बाई, हे नाक तुझं, ही हनुवटी तुझी. आंधळासुद्धा ओळखेल. आता तरी म्हण, माझं आहे."

कोकिळेचा चेहरा पांढरा पडला. तिने पोराच्या तोंडावर पदर ओढला. "नाही जी. मूठभर कोंड्यात इकलं मी हे. गोजरमायनं घेतलं."

"विकलं?" त्याला घामच फुटला. छापील कागदात विकलेल्या लेकरांचा रकानाच नव्हता.

"तिचे पहिले तीन गेले, साहेब," गोजरबाई म्हणाली. "आठव्या दिसाले आकडी येऊन गेले. तवा इळ्यानं नाळ कापत होतो आमी. मले काय मालूम? हा कात्रीचा. जगला. आता चारचौघात 'माहा' म्हटलं अन् लेकरं नेनाऱ्या सटवीनं आयकलं तं?"

"अहो, पण कात्रीने जगला ना! कोंड्याने नाही!"

"हाव. कात्रीनं जगला, कोंड्यानं राह्यला."

कारकुनाने कपाळाला हात लावला. हिला शिकवलं ते डोक्यात शिरलं म्हणावं की नाही? कात्री उकळते, हात धुते, आणि वर सटवीला फसवते. एका माणसात दोन माणसं बसली होती, आणि कोणाशी बोलावं तेच त्याला समजेना.

"माझ्या हातात काही नाही," तो वैतागून म्हणाला. "पेटी द्या."

कोणी हललं नाही. खांबाजवळ कोकिळेची जाऊ शालूबाई बसली होती, दिवस भरलेली. तिने पेटीकडे पाहिलं, मग कोकिळेकडे. कोकिळेचे ओठ हलले. बोलावं तर आपलं पोर जाणार, न बोलावं तर जावेचं. बिचारी रडायलाच लागली.

"साहेब," गोजरबाईने हळूच विचारलं, "तुमचं नाव काय जी?"

कचेरीत सगळे त्याला नुसतं 'राव' म्हणत. पुरं नाव सांगायची त्याला फार लाज.

"उकंडराव," तो पुटपुटला.

ओसरीवरच्या बायांनी एकदम माना वर केल्या.

"अगं माय! मंग तुमाले उकिरड्यावरून कोनं उचललं?" गोजरबाई म्हणाली.

"सोजरामावशीनं. शेजारच्या."

"अन् तुमची माय?"

उकंडरावने मान वळवली. शाळेत नाव घालायच्या दिवशी मास्तरांनी विचारलं होतं, हा कोणाचा? आई म्हणाली होती, सोजराचा. तो घरापर्यंत रडत गेला. पुढे ती मरेपर्यंत तिने लोकांसमोर एकदाही त्याला आपला म्हटलं नाही, आणि त्यानेही तो राग सोडला नाही. सटवीला फसवायला लेकरू उकिरड्यावर टाकून दुसरीने उचलायचं, ही गोष्ट त्याला ठाऊक होती, पण अडाण्यांचा खुळेपणा म्हणून. आता समोर कोकिळा रडत होती, आणि पदराखाली तिच्या बोटांनी पोराचा पाय घट्ट धरला होता. त्या दिवशी शाळेत आईचा हात कुठे होता? त्याने पुष्कळ आठवून पाहिलं. काही केल्या आठवेना.

तो परत कागदापाशी येऊन बसला. टाक दौतीत बुडवला.

"कोणाचं ते राहू द्या," शेवटी तो म्हणाला. "याले दूध कोण पाजते, तेवढं सांगा."

कोकिळेने गोजरबाईकडे पाहिलं. गोजरबाईने मान हलवली.

"मी पाजतो जी," कोकिळा म्हणाली. "कोकिळा."

त्याने लिहायला घेतलं. कागदावर टाक करकरला, तशी कोकिळा दचकली आणि पोराला छातीशी धरून पुढे सरकली.

"हळू लिवा, दादा," ती कुजबुजली. "हळू लिवा."