डॉक्टरीणबाईंचे पेरू

सुरी पेरूत शिरली आणि सासूबाईंच्या हातातलं लिंबू हातातच राहिलं.

“अगं, हा फळीवरच्या पेटीतला ना?”

“हो,” सून म्हणाली आणि पेरूचे दोन भाग केले. आत गुलाबी, स्वच्छ. तिने दुसरा घेतला.

पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक पडदा. चांगलं फळ त्या पडद्याच्या आत कधी आलं नव्हतं. घरात यायचं ते मार लागलेलं, एका बाजूनं मऊ पडलेलं, दिवसभर कुणी न उचललेलं. फळीवरची पेटी तर दातांच्या डॉक्टरीणबाईंची. वीस वर्षं दर शनिवारी त्या डझनभर पेरू न्यायच्या, आणि सासरे ते एकेक करून निवडायचे. नाकाशी धरायचे, देठाजवळ अंगठा टेकवायचे, बाजूला ठेवायचे. चाखायचे मात्र नाहीत. चाखला की एक नग गेला.

डागी फळाचं काय करायचं हे सासूबाईंना पक्कं ठाऊक होतं. डाग कोरून टाकायचा, उरलेलं बारीक चिरायचं, मीठ, जिऱ्याची पूड, दोन चमचे तिखट, वर लिंबू, आणि अर्धा तास झाकण. झाकण काढेपर्यंत आंबूस वास पार गेलेला असायचा. शेजारच्या बायका वाटी घेऊन यायच्या. सुनेलाही ते आवडायचं. लग्न होऊन आली तेव्हा पहिली गट्टी त्या वाडग्यावरच जमली होती.

पण काल लेकीला, ठकूला आणायला ती बालवाडीत गेली आणि बाई हसत हसत सांगू लागल्या. मुलांना सफरचंदाच्या फोडी वाटल्या होत्या. सगळ्यांनी खाल्ल्या, ठकूने नाही. म्हणाली, बाई, याचा डाग काढायचा राहिलाय. बाईंनी फोड उलटीसुलटी करून दाखवली. डाग नव्हताच. तरी पोरीने चमच्याने फोडीला चांगलं मोठं भोक पाडलं, तो तुकडा बाजूला टाकला आणि मगच खाल्लं.

बाईंबरोबर तीही हसली. घरी येईपर्यंत मात्र पोरीचा हात तिने सोडला नाही.

“ठकूसाठी एक घ्यायचास,” सासूबाई पडद्याकडे बघत कुजबुजल्या. सासरे पलीकडे दुकानातच दुपारची डुलकी काढत होते. “पाच कशाला कापतेस?”

“घरात माणसं पाच आहेत.”

“मला नको हं मोजूस त्यात.”

“मोजलं,” सून म्हणाली. “तुमच्या मुलाच्या फोडी डब्यात ठेवते. तो टेम्पो घेऊन आला की खाईल.”

तिने मोठ्या, लांब फोडी केल्या. परातीत एकेक मांडली. वर चिमूटभर मीठ. सासूबाईंनी सवयीने तिखटाचा डबा ओढला आणि चमचा भरला. सुनेने त्यांचं मनगट हलकेच धरलं.

“आई, यात झाकण्यासारखं काही नाही.”

सासूबाईंनी चमच्याकडे पाहिलं. मग परातीकडे. तिखट डब्यात परत गेलं. बोटाच्या टोकाला राहिलं होतं तेवढं त्यांनी फोडींवर झटकलं, आणि लिंबू पिळलं.

“कशाचा एवढा घमघमाट सुटलाय?” सासरे दारात उभे होते. चष्मा अजून हातात. त्यांनी तो चढवला आणि त्यांना परात दिसली. ओट्यावरची देठंपानंही दिसली.

“आतून डागी निघाले हो,” सासूबाई घाईने म्हणाल्या. “मीच म्हटलं हिला, कापून टाक.”

“नाही बाबा. चांगले होते,” सून म्हणाली. “चांगले बघूनच कापले.”

“विचारलं नाहीस.”

“विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता.”

सुनेने परात उचलून त्यांच्यासमोर ठेवली. सासूबाई लिंबाची पिळलेली फोड पुन्हा पुन्हा पिळत होत्या.

एवढ्यात ठकू चमचा घेऊन आली. आजोबांच्या गुडघ्याला टेकून बसली, एक फोड उचलली, या बाजूने पाहिली, त्या बाजूने पाहिली.

“आजोबा, याचा डाग कुठाय?”

सासऱ्यांनी फोड हातात घेतली. तेही शोधू लागले. सालीवरून अंगठा फिरवला, कडा पाहिल्या.

“याला नाही,” ते म्हणाले.

“मग कुठून काढू?”

“काढायचं नाही. तसंच खायचं.”

“सगळं?”

“सगळं.”

ठकूने चमचा खाली ठेवला आणि फोडीचा मोठा लचका तोडला. रस हनुवटीवरून ओघळला. ती खाताना सासरे तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी स्वतः एक फोड घेतली. सावकाश चावली. चावता चावता थांबले, पुन्हा चावू लागले. दुसरी घेतली.

“डॉक्टरीणबाई सहाला येतील,” सासूबाई म्हणाल्या. “काय सांगणार त्यांना?”

“आज सातच आहेत म्हणेन. बाकीचे घरी लागले.”

सासूबाईंनी लिंबाचं साल टाकलं. एक फोड उचलून तोंडाला पदर लावला, कुणी बघत नसल्यासारखी खाल्ली. सासऱ्यांनी परात त्यांच्याकडे थोडी सरकवली.

“चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगतोय, नुसती साखर आहे म्हणून,” ते हळूच म्हणाले. “खरंच आहे गं.”