पट्टा लावला होता

"तेवढी एक ओळ खोडा साहेब," खेताभाई म्हणाला. "बाकीच्या कागदावर मी आत्ता अंगठा देतो."

निरुपम वसावडाला ती ओळ पुन्हा वाचायची गरज नव्हती. त्यानंच ती लिहिली होती. 'मयत करसन खेता माहेश्वरी याने पवनचक्कीवर चढताना सुरक्षा पट्टा लावला नव्हता.'

मालकांचा वकील म्हणून वीस वर्षांत वसावडानं कच्छातल्या नऊशे पवनचक्क्यांचे करार केले होते. चढला एकीवरही नव्हता. गावामागच्या टेकडीवरच्या चाळीस चक्क्या सोमवारी एक परदेशी कंपनी विकत घेणार होती. अट एवढीच उरली होती, की करसनच्या मरणात मालकांचा दोष निघता कामा नये.

"त्याच्या बरोबरच्या माणसांनीच तसं सांगितलंय, काका."

"सांगितलं असेल. त्यांना नोकरी टिकवायचीय. पण साहेब, जीपमधून पोराला घरी आणला तेव्हा पट्टा अंगावरच होता. मी सुरीनं कापून काढला. या हातांनी."

वसावडानं चहाची बशी खाली ठेवली. "कुठंय तो?"

म्हाताऱ्यानं कोठीमागून गाठोडं आणलं, सोडलं. छातीवर कापलेला जाड पिवळा पट्टा. लोखंडी कडी घट्ट मिटलेली. आणि कडीत अडकलेला वीतभर तारेचा तुकडा, टोकाला गंजून तुटलेला.

शिडीलगतची तार; चढणारा पट्ट्याची कडी तिच्यातच अडकवतो. वसावडानं त्या गंजलेल्या टोकावरून बोट फिरवलं. पट्ट्यानं माणसाला धरलं होतं. तारेनं सोडलं होतं.

"हे मला वर दाखवावं लागेल," तो म्हणाला. आपण हे बोलणार आहोत, हे बोलेपर्यंत त्यालाही ठाऊक नव्हतं. "द्या माझ्याकडे."

"बापा, देऊ नका," दारामागून करसनची बायको वालबाई म्हणाली.

"गप बस. आपल्या दलितांच्या घरचा चहा प्यालाय हा माणूस. आजवर कुठला साहेब प्यालाय?" खेताभाईनं गाठोडं बांधलं आणि दोन्ही हातांनी पुढं केलं. "कागद दुरुस्त झाला की परत द्याल ना? त्याची तेवढीच वस्तू उरलीय."

"देईन."

गाडीत बसतो न बसतो तोच अहमदाबादहून मालकांचा फोन आला. "काय वसावडा, त्यांच्याकडे काही पुरावा वगैरे?"

त्यानं मांडीवरच्या गाठोड्यावर हात ठेवला. "नाही. त्यांच्याकडे काहीही नाही."

वाक्यात कायद्यानं कुठंही खोट नव्हती.

गाडी हलली तोच काचेवर थाप पडली. खेताभाई धापा टाकत धावत आला होता. वसावडानं गाठोडं घट्ट धरलं. त्यानं काच थोडी खाली केली.

"साहेब, एक सांगायचं राहिलं," म्हातारा ओशाळून म्हणाला. "पट्टा दोनदा वाळूनं घासला, पण कडेचा रक्ताचा डाग काही गेला नाही. मोठ्या साहेबांना सांगा, किळस मानू नका म्हणावं."