पाणी फिरलं ती जागा

“अज्जी, नीट आठवा. एकोणीसच्या पुरात पाणी कुठपर्यंत आलतं?”

सर्व्हेवाल्या नागेंद्रनं विचारलं. त्याच्यामागं दोन गडी पांढरा रंग दिलेला दगड घेऊन उभे होते. मालुबाई बोट दाखवेल तिथं तो रोवायचा. दगडाच्या खाली जी घरं आहेत त्यांना वर माळावर प्लॉट. आणि दगडाच्या खाली यापुढं कुणी वीटसुद्धा ठेवायची नाही.

अख्खं गाव तिच्या बोटाकडं बघत होतं.

वेदगंगेच्या काठच्या या गावाची रीत आहे. पूर जिथून माघारी फिरतो तिथं बाईनं जाऊन नदीची ओटी भरायची. त्या साली सगळे निपाणीच्या शाळेत छावणीला होते. उतारावर एकटी मालुबाई. म्हणून ती जागा तिलाच ठाऊक.

ती तिथं का होती, ते मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. तिचा नवरा आण्णाप्पा जिनेंद्रच्या तंबाखूच्या वखारीत हमाल. दाराला पाणी लागलं तरी जिनेंद्र त्याच्याकडून तंबाखूनं ठासून भरलेले बोद उचलून घेत होता. शेवटच्या ट्रॅक्टरमध्ये एक माणूस सहज बसला असता. त्या जागेवर जिनेंद्रनं अजून दोन बोद टाकले आणि म्हणाला, “दुसऱ्या खेपंला तुला नेतो.” दुसरी खेप झालीच नाही. वखारीची भिंत बसली, आण्णाप्पाला पाण्यानं ओढून नेलं. मालुबाई तीन दिवस पाण्याच्या कडेला बसून राहिली. पाणी वर सरकलं की तीही वर सरकायची. चौथ्या दिवशी ते फिरलं. जिनं नवरा नेला तिचीच ओटी भरायची. नारळ कुठला आणि खण कुठला. पदराचा तुकडा फाडला, त्यावर मूठभर माती ठेवली.

आता त्याच उतारावर जिनेंद्रचा बंगला उठला होता. खालच्या गल्लीच्या वर, आणि पाणी फिरलं त्या जागेच्या पंधरा हात खाली. एकोणीसला तिथं पुरुषभर पाणी होतं.

“खरी जागा दाखव न् त्याचा स्लॅब कुजू दे,” तिचा पोरगा स्वरूप म्हणाला होता. बेळगावला उद्यमबागच्या फौंड्रीतनं त्यानं त्यासाठी सुट्टी काढली होती. जिनेंद्र तीनदा येऊन गेला होता. “आक्का, थोडं खाली दाखव. तुझ्या गल्लीला प्लॉट मिळणारच. माझं तेवढं वाचव. एकदाच आलतं पाणी, परत कुठलं येतंय.”

मालुबाई महिनाभर विचार करत होती. बंगला थांबला तर जिनेंद्र काय करील? चार दिवस शिव्या देईल, दुसरीकडं बांधील. एवढ्यानं आण्णाप्पाचं काय भागणार? त्यापेक्षा बांधू दे. रंग लावू दे, जेवणावळी घालू दे, आत झोपू दे. नदी आता पहिल्यासारखी राहिलेली नाही, येणारच आहे. मग त्यानं गच्चीवर उभं राहून ट्रॅक्टरची वाट बघावी.

ती उतार उतरली. बंगल्याच्याही खाली, गल्लीतल्या सगळ्यात वरच्या घराच्या मागं येऊन थांबली.

“इथं,” म्हणाली.

स्वरूपचं तोंड पडलं. “आई, माझ्या बापाला विकलीस व्हय गं?”

तिनं त्याच्याकडं बघितलं नाही. दगड रोवला गेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या छातीत गार वाटलं.

जिनेंद्र तर तिच्या पायाच पडला. “चल आक्का, चहा घेऊन जा. दिव्या आलीय.” ती गेली. तो कुठं झोपणार ती खोली तिला बघायची होती.

आत त्याची लेक दिव्या, खांद्यावर बाळ, गवंड्याला सांगत होती, “हितं ड्रिल मारा मामा, पाळण्याची कडी बसवायची हाय. खिडकीजवळ बरं, वारा लागंल.”

“तुझी खोली कुठली रं?” मालुबाईनं जिनेंद्रला विचारलं.

“मी कुठला ऱ्हातोय हितं. निपाणीत तिसऱ्या मजल्यावर हाय की माझं. हे दिव्याला. जावई बेळगावला नोकरीला, आठवड्यातनं एकदा येतोय. ही न् बाळ, दोघंच ऱ्हाणार हितं.”

चहा आला. मालुबाईनं कप हातात धरला. साय धरेपर्यंत धरला. मग तसाच खाली ठेवून ती बाहेर आली.

“सायेब, तो दगड उपटा.”

गडी शिव्या घालत दगड घेऊन तिच्यामागं चढले. बंगला ओलांडून ती पंधरा हात वर गेली.

“हितं. हितंच ओटी भरली मी. बाई ओटीची जागा खोटी सांगत न्हाय.”

“मघाशी सांगितली की,” गड्यांतला एक पुटपुटला.

“म्हातारी हाय. चुकलं.”

नागेंद्रनं तिच्याकडं एकदा नीट बघितलं आणि दगड रोवायला सांगितलं. जिनेंद्रचा आवाज फाटला. “सुडानं पेटलीयस तू. नवऱ्याचा राग लेकराच्या घरावर काढलीस.” दिव्या दारात आली होती. बाळाला छातीशी घट्ट धरून ती मालुबाईकडं असं बघत होती, की नजरेनं जाळता आलं असतं तर तिथंच जाळलं असतं.

परत येताना स्वरूपला हसू आवरत नव्हतं. गल्लीतले सगळे मागं होते. “लई भारी, आई. आधी त्याला पाया पडाय लावलीस, मग मुंडी मुरगाळलीस. असा सूड कुणी घेतला नसंल.” शेजारच्या जयाबाईनं तर हात तिच्या तोंडावरून उतरवून कानशिलावर बोटं मोडली.

मालुबाई खाली बघून चालत राहिली. सूड हातात आला होता आणि आपण तो सोडून दिला, हे आण्णाप्पाला कसं सांगायचं, ते तिला सुचत नव्हतं.