घरचं थिएटर

कपाटावरून काढलेला जुना लॅपटॉप आणि कंपनीनेच केव्हाचं वाऱ्यावर सोडलेलं मीडिया सेंटर नावाचं सॉफ्टवेअर. ते त्यावर चालवून दाखवायचंच, असा नवऱ्याने चंग बांधला होता. "एकदा टीव्हीला जोडलं ना, की सगळं घर एकत्र बसून आपले व्हिडिओ बघेल," असं म्हणत तो रोज ऑफिसातून आल्या आल्या कोपऱ्यात सगळ्या घराकडे पाठ करून बसायचा. पंखा घरघरायचा, चिकट कीबोर्डमधून बिस्किटांचा चुरा पडायचा, जेवणाचं ताट तिथेच खरकटं वाळत राहायचं. बायकोला त्या कोपऱ्याची शिसारी आली होती.

"त्या डबड्याशी दुसरा संसार थाटलाय त्याने," सासूबाई म्हणाल्या.

"मग खरकटंही त्या सवतीलाच काढू दे!" ती फणकारली.

रविवारी एकदाचं ते चाललं. त्याने सगळ्यांना सोफ्यावर बसवलं आणि तिच्या फोनमधून घेतलेले व्हिडिओ टीव्हीवर लावले. पहिल्याच व्हिडिओत त्यांची लेक भिंतीचा आधार सोडून डुगडुगत निघाली.

"अगं, ही चालायला कधी लागली?" तो टीव्हीजवळ सरकला. "मला एक हाक नाही मारायचीस?"

तिने टीव्हीचा आवाज वाढवला.



पडद्यावरची लेक लॅपटॉपवर वाकलेल्या एका पाठीपर्यंत पोहोचली, तिने शर्टाचं टोक धरलं, आणि ती पाठ वळूनही न बघता खेकसली, "अगं, उचल ना हिला इथून, काम करू दे मला!"