अकरा घड्याळं

जिमच्या सवलतीकडे दोन महिन्यांतच कुणी फिरकेनासं झालं, तेव्हा एचआरच्या वर्षालीनं शक्कल लढवली. पावलं मोजणारं घड्याळ कंपनी देईल. रोज पंधरा हजार पावलं भरली की पगाराबरोबर बक्षीस. चाकणच्या त्या कारखान्यात चमत्कारच झाला. दिवसभर एका जागी उभे राहणारे वेल्डिंगचे अकराच्या अकरा जण रोज पंधरा हजारांच्या पुढं! मीटिंगमध्ये वर्षालीची पाठ थोपटली गेली. कसं, ते कुणी विचारलं नाही.

मंगळवारी दुपारी अकराही जणांची पावलं एकाच मिनिटाला थांबली. सिस्टिम बंद पडली असेल म्हणून ती खाली वेल्डिंगच्या शॉपवर गेली. अकराही जण घोळका करून उभे होते, मनगटं मोकळी. मधोमध, मालाची ट्रॉली ओढणारा किसन पडला होता. कुणीतरी त्याची बाही वर सारली. चुडा भरल्यासारखी मनगटापासून कोपरापर्यंत घड्याळंच घड्याळं. नाडीचे ठोके एकाही घड्याळात दिसत नव्हते.

"यातलं याचं कुठलं?" वर्षालीनं कसंबसं विचारलं.

सुपरवायझर उद्धवरावांनी मान खाली घातली. "एकबी न्हाई मॅडम. त्यो कंत्राटी हाय. त्याला स्कीम लागू न्हाई."